पायाखालचा बिघाड
गिटारच्या इफेक्ट्स पेडलचा इतिहास एका नादुरुस्त यंत्रापासून सुरू होतो. 1961 मध्ये गाजलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये झाले. ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस गिटार वाजवत होते. मिक्सिंग कन्सोलमधला त्यांचा चॅनेल बिघडला आणि गिटारीचा आवाज फाटक्या भोंग्यासारखा गुरगुरत बाहेर आला. तो तुकडा गाण्यात तसाच राहिला. मग इतर वादकही तोच आवाज मागू लागले. पुढे तो चॅनेल पुरता निकामी झाल्यावर ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तसाच आवाज काढणारे ट्रान्झिस्टरचे सर्किट तयार केले. गिब्सन कंपनीने ते 1962 मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. उतरत्या आकाराची पेटी, वर पायाने दाबायचे बटण, आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन सेल.

फाटका आवाज त्याआधीही काढला जात होता. गिटारवादक लिंक रे यांनी 1958 च्या ‘रंबल’साठी अ‍ॅम्पच्या स्पीकरच्या पडद्याला भोके पाडली होती. ‘किंक्स’ बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी 1964 मध्ये आपल्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला. पण चिरलेला स्पीकर पुन्हा सांधता येत नाही. पेडलने साधले ते एवढेच, की बटण दाबले की आवाज बिघडावा आणि पुन्हा दाबले की सुधारावा. दोन्ही हात तारांवर गुंतलेले, म्हणून हे काम पायाकडे आले.

गंमत अशी, की आपण काय विकतो आहोत हे गिब्सनलाही उमगले नव्हते. गिटारीतून ट्रम्पेट, ट्युबा, चेलो ऐकवणारी पेटी म्हणून तिची जाहिरात झाली आणि माल दुकानांत पडून राहिला. 1965 मध्ये गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांनी ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्याची सुरावट या पेटीवर वाजवली, तीही पुढे ब्रासची वाद्ये काय वाजवतील त्याची खूण म्हणून. ब्रास कधी आलेच नाही. रेकॉर्ड तशीच निघाली आणि पडून असलेला माल संपला. ‘वा-वा’ असा आवाज काढणाऱ्या वाह पेडलचीही कथा अशीच आहे. 1966 मध्ये कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट अ‍ॅम्पमधल्या एका महागड्या स्विचला स्वस्त पर्याय शोधत होते. ते सर्किट ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलमध्ये बसवले गेले. पुढच्या वर्षी बाजारात आलेल्या पेडलवर नाव होते ट्रम्पेटवादक क्लाइड मॅककॉय यांचे.

लंडनमध्ये 1966 साली निघालेला गोल ‘फझ फेस’ जिमी हेन्ड्रिक्स यांच्यामुळे प्रसिद्ध झाला. त्यातले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उकाड्यात वेगळे वागत आणि एका दुकानातल्या दोन पेट्याही सारख्या वाजत नसत. त्या काळी पेडलची पारख कानानेच करावी लागे.

प्रतिध्वनीची वाट वेगळी होती. 1959 चा ‘एकोप्लेक्स’ चुंबकीय फितीवर चाले; फीत झिजे, हेड पुसावे लागत. 1969 मध्ये फिलिप्स कंपनीत ‘बकेट ब्रिगेड’ सर्किटचा शोध लागला. आग विझवायला माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे सरकवतात, तसा विद्युतभार एका कपॅसिटरमधून पुढच्यात जातो आणि आवाज उशिरा पोचतो. डिले आणि कोरस पेडल यामुळेच तळहातावर मावू लागले.

पेडलना आजचा आकार जपानने दिला. रोलँड कंपनीच्या ‘बॉस’ने 1977 मध्ये छोटी, भक्कम, रंगावरून ओळखू येणारी पेडल काढली. 1978 चे नारिंगी ‘डीएस-1’ अजूनही तयार होते आणि अनेक नवशिक्यांचे पहिले पेडल तेच असते. वर्षभराने आलेले इबानेझचे हिरवे ‘ट्यूब स्क्रीमर’ आवाज कमी फाडते, मधले स्वर मात्र पुढे आणते. बँडमध्ये गिटार दबून जात असेल तर हेच अधिक उपयोगी.

पेडल जोडण्याचा रूढ क्रमही या इतिहासाशी जुळतो. आवाज आधी अ‍ॅम्पमध्ये फाटायचा, मग खोलीत घुमायचा. म्हणून फझ आधी, डिले नंतर. वीजपुरवठा बहुतेकांना 9 व्होल्टचा, पिनच्या मध्यभागी ऋण टोक असलेला चालतो. जुन्या धाटणीच्या जर्मेनियम फझमध्ये मात्र अनेकदा धन टोक जमिनीला जोडलेले असते. तो इतरांबरोबर एकाच वायरीवर लावला की शॉर्ट होतो, म्हणून त्याला स्वतंत्र बॅटरी बरी. आणि पहिली खरेदी म्हणून जाणकार बरेचदा सुचवतात ते ट्यूनर पेडल. बॉसचे ‘टीयू-2’ 1998 मध्ये आले. ते दाबले की अ‍ॅम्प गप्प होतो आणि तार सुरात लागली की नाही ते दिवे सांगतात.