टांकसाळीची चूक की प्रपंचाचा घाव?

लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडायची म्हणून वर्षातून एकदाच डब्यातून निघणारी नाणी अजूनही पुष्कळ घरांत आहेत. चार राणीछाप रुपये, दोनतीन शिवराया, एखादा भोकाचा पैसा. टांकसाळीत चुकलेल्या नाण्याला मोठी किंमत येते, अशी बोलवा आता मुलुंड-बोरिवलीच्या चाळींपर्यंत पोचल्यामुळे ताटातले प्रत्येक वेडेवाकडे नाणे घरच्यांना खजिना वाटू लागले आहे. भोळी माणसे पदरचे पैसे घालून ठोकलेले, चेपलेले नाणे विकतही घेतात. म्हणून हा थोडा खुलासा.

शिवराई घ्या. 1674 च्या राज्याभिषेकापासून हे तांब्याचे नाणे चालले. खाली एक ठसा, वर एक, मध्ये चकती आणि वरून घणाचा घाव! ठसा चकतीहून मोठा; त्यामुळे ‘श्री राजा शिव’ यातले एखादे अक्षर काठाबाहेर जायचेच. त्याला चूक म्हणणे म्हणजे भाकरी चंद्रासारखी वाटोळी नाही म्हणून नावे ठेवण्यासारखे आहे. घाव दोनदा बसून अक्षरे दुहेरी उमटली, तर ती मात्र टांकसाळीची करणी.

1820 च्या दशकात मुंबईच्या कोटात वाफेच्या यंत्रांची टांकसाळ उभी राहिली, आणि यंत्राचा म्हणून ‘कलदार’ रुपया लोकांच्या तोंडी बसला. यंत्रातही गंमती आहेत. राणीच्या रुपयावर 1862 हे साल पुढे 1874 पर्यंत तसेच राहिले. मुंबईच्या कारागिरांनी सालाजवळ बारीक ठिपके घालून निरनिराळ्या सालचे रुपये ओळखण्याची सोय केली. पुष्कळांना ते ठिपके म्हणजे धातूवरचे फोड वाटतात! भोकाच्या पैशाचे भोकही असेच मुद्दाम पाडलेले. 1943 साली युद्धामुळे तांबे वाचवायचे होते.

खरी चूक ओळखायची तर धातू कसा सरकला ते पाहावे. पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर कातर पडली, तर नाण्याची कड चंद्रकोरीसारखी तुटलेली दिसते. अशा नाण्याची बरोबर समोरची कडही बहुधा फिकी, दबलेली असते. कारण कड उचलताना समोर दाबाला आधारच नव्हता. कानशीने कापणाऱ्याला हे साधत नाही. त्याच्या नाण्याची समोरची कड ठणठणीत.

आमच्या शाळेतली पोरे लोकलच्या रुळावर पैसे ठेवतात. (कितीही दटावले तरी!) त्या नाण्याची अक्षरे धातूबरोबर ताणली जाऊन पुसट होतात. याउलट, टांकसाळीत भोवतीचे कडे नसताना ठसा बसला तर नाणे पसरते. पण मधली अक्षरे रेखीव राहतात. नंतरच्या घावाने धातू बाजूला सारला जातो आणि चरीच्या काठाशी उंचवटा येतो. सराफाने चांदी पारखण्यासाठी मारलेला छिन्नीचा टोचा भिंगाखाली असाच दिसतो.

कडेवर डाखाचा डाग असेल तर रुपयाला कधीकाळी कडी होती. तो कुणा आजीच्या गळ्यातल्या माळेतला. संग्राहक त्यावर बट्टा लावतील. खरे म्हणजे खरा बट्टा आपणच लावतो, चिंच आणि राख घेऊन. पूजेपूर्वी रुपया नुसत्या पाण्याने धुवावा आणि मऊ फडक्याने टिपावा.