चार बोल्टांची जागा

जुन्या स्पोर्ट्स कारचे शौकीन गाडी बघायला गेले की एक गोष्ट हमखास करतात. इंजिनचा आवाज ऐकून झाला, रंग निरखून झाला, की सीटच्या मागचा गालिचा उचलतात आणि खालच्या पत्र्यावर बोटं फिरवतात. तिथे कारखान्यानेच ठेवलेली भोकं आहेत का, भोकांमागे नट वेल्ड केलेले आहेत का, तेवढ्या जागेपुरता पत्रा दुहेरी आहे का, हे ते शोधत असतात. ही रोल बार बसवायची जागा. रोल बार म्हणजे बसणाऱ्याच्या डोक्यामागून जाणारी जाड नळीची कमान. गाडी उलटलीच, तर तिचं वजन माणसाच्या मानेवर न येता कमानीवर यावं, एवढंच तिचं काम.

कमान नंतरही आणता येते. तिचे पाय कुठे टेकणार, हे मात्र गाडीचा आराखडा काढतानाच ठरवलेलं बरं. म्हणून मला ती रिकामी भोकं कमानीपेक्षा जास्त बोलकी वाटतात. ‘ही गाडी कधीतरी उलटू शकते’, हे गाडी जन्माला यायच्या आधी कुणीतरी मान्य केलं होतं, याचा तो पुरावा आहे.

मी समुद्रपूरचा. जाम चौरस्त्यावरून नागपूर-हैदराबाद हायवेने एखादी महागडी गाडी सुसाट जाताना दिसते, पण आत तालुक्यात वळलं की बिनटपाची गाडी म्हणजे ट्रॅक्टर. त्या भोकांचा इतिहास मी वाचायला लागलो तो गाड्यांच्या हौसेपोटी. पण तो इतिहास वाचता वाचता थेट आमच्या वावरात येऊन उभा राहिला.

पाय कुठे टेकतो?

आधी थोडं यंत्रशास्त्र. बहुतेक कारना ट्रकसारखी वेगळी, जाड लोखंडी चेसिस नसते. पातळ पत्रे एकमेकांना जोडून तयार झालेला डबा हाच गाडीचा सांगाडा. अशा पत्र्यावर नळी नुसती बोल्टने आवळली, तर गाडी उलटल्यावर ती नळी पत्रा फाडून खाली घुसते. ओल्या वावरात खाटेचा पाय रुततो, अगदी तसं. कमान शाबूत राहते, पण माणूस वाचत नाही. म्हणून पायाखाली वजन पसरवणारी पट्टी लागते. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेच्या शर्यतींच्या नियमांत मुख्य कमानीच्या प्रत्येक पायासाठी किमान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी सांगितली आहे. साधारण तुमच्या हातातल्या फोनएवढी. जीव वाचतो तो या फोनएवढ्या जागेवर.

शर्यतीच्या जगाने हे आधी ओळखलं. फॉर्म्युला वनमध्ये १९६१ पासून ड्रायव्हरच्या मागे कमान सक्तीची झाली. रस्त्यावरच्या गाड्यांना जाग यायला थोडा वेळ लागला. अमेरिका सुरक्षेच्या नावाखाली उघड्या टपाच्या गाड्यांवर बंदी घालेल, अशी भीती साठच्या दशकात कंपन्यांना होती. पोर्शेने १९६५ मध्ये ९११ टार्गा दाखवली, तिच्यात स्टीलची रुंद कमान गाडीचाच कायमचा भाग होती. १९६७ च्या शेल्बी मस्टँगमध्ये रोल बार आणि खांद्यावरून येणारे पट्टे कारखान्यातूनच बसवून येत. पुढे १९८९ च्या मर्सिडीज एसएलमध्ये कमान सीटमागे लपलेली असे आणि गाडी उलटायला लागली की क्षणार्धात उभी राही.

सीट बेल्टची गोष्टही अशीच, फक्त जास्त रेंगाळलेली. ब्रिटनमध्ये १९६५ पासून नव्या गाडीत पुढच्या सीटसाठी पट्टा अडकवायची जागा ठेवणं सक्तीचं झालं. काही वर्षांनी खुद्द पट्टा सक्तीचा झाला आणि तो लावणं सक्तीचं व्हायला १९८३ उजाडलं. भोकापासून सवयीपर्यंत अठरा वर्षं! भोक पाडणं सोपं असतं. ते भरायला कायदा लागतो, पैसा लागतो, आणि सगळ्यात जास्त लागते ती माणसाची कबुली, की हे माझ्याही बाबतीत होऊ शकतं.

सगळ्यात उघडी गाडी

याच काळात, मासिकांच्या मुखपृष्ठांपासून लांब, दुसरा एक इतिहास घडत होता. स्वीडनमध्ये १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांचा तीन टोकांचा सीट बेल्ट गाड्यांमध्ये आला. त्याच साली, त्याच देशाने नव्या ट्रॅक्टरांवर चालकाला वाचवणारा सांगाडा सक्तीचा केला. पहिली गोष्ट जगाला पाठ आहे, दुसरी फारशी कुणाला ठाऊक नाही. पण पुढच्या तीन दशकांत ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू स्वीडनमधून जवळजवळ नाहीसे झाले.

अमेरिकेत जॉन डिअर कंपनीने १९६६ मध्ये ट्रॅक्टरसाठी अशी कमान बाजारात आणली आणि तिचं पेटंट इतर कंपन्यांना फुकट वापरू दिलं. १९७० पासून ब्रिटनने नव्या ट्रॅक्टरवर सुरक्षित केबिन सक्तीची केली. १९७६ पासून अमेरिकेत मजूर चालवत असलेल्या नव्या ट्रॅक्टरला कमान लागू झाली, पण मालक स्वतः किंवा घरचं माणूस चालवत असेल तर तो नियम नव्हता. शेवटी १९८५ पासून कंपन्यांनीच आपणहून २० अश्वशक्तीच्या वरच्या सगळ्या नव्या ट्रॅक्टरांवर कमान द्यायला सुरुवात केली.

ट्रॅक्टर इतक्या सहज का उलटतो? मागची चाकं चिखलात पक्की रुतली, तरी इंजिनचा जोर थांबत नाही. चाकं फिरेनात, तेव्हा ट्रॅक्टरचं धडच मागच्या ॲक्सलभोवती फिरायला लागतं. पुढची चाकं उचलल्यापासून पाऊण सेकंदात परत फिरायची वेळ निघून जाते आणि दीड सेकंदाच्या आत ट्रॅक्टर उताणा होतो. क्लच दाबायचं लक्षात येईपर्यंत सगळं संपलेलं असतं. जड साखळी ठरलेल्या हुकाऐवजी वर कुठेतरी बांधून ओढलं तर हे आणखी लवकर होतं. बाजूला उलटणं तर त्याहून सोपं. नाल्याचा काठ, धसलेली पांदण, भरलेली ट्रॉली आणि अंधार, एवढं पुरतं.

म्हणून ट्रॅक्टरच्या कमानीचे पाय पत्र्यावर ठेवून चालत नाही. ते मागच्या ॲक्सलच्या जाड बिडाच्या घरावर, कारखान्याने ठरवलेल्या जागी, ठरलेल्या जाडीच्या बोल्टांनी बसतात. स्पोर्ट्स कारच्या गालिच्याखाली जी भोकं असतात, त्यांचा हा वावरातला भाऊ.

छत आणि कमान

आता आमच्याकडे बघा. मुंबईत विलीज जीप जोडणाऱ्या महिंद्राने १९६३ मध्ये व्होल्टास आणि अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली. आज नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत त्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. म्हणजे आमच्या काळ्या मातीत फिरणारे कित्येक ट्रॅक्टर जन्माने आमचे शेजारीच. १९९४ पासून ही कंपनी अमेरिकेतही ट्रॅक्टर विकते. तिथे नवा ट्रॅक्टर मागे कमान आणि सीटला पट्टा घेऊनच शेतात उतरतो. समुद्रपूरपासून गिरडपर्यंत मी जे ट्रॅक्टर बघतो, त्यातले बहुतेक कमानीविना आहेत. हे एका कंपनीबद्दलचं गाऱ्हाणं नाही. जो बाजार जे मागत नाही आणि जो कायदा जे सांगत नाही, ते कुणीच आपणहून देत नाही.

कमानीऐवजी आमच्याकडे दिसतं ते छत. चार नळ्या, वर पत्रा किंवा रेक्झिन, कडेला झालर, मागे देवाचं किंवा पोराचं नाव. हे छत बहुधा मडगार्डवर आवळलेलं असतं. विदर्भाच्या उन्हात ते हवंच. एप्रिलमध्ये नांगरटी करणाऱ्याला सावलीचं मोल सांगायला नको. पण छत ऊन अडवतं, दोन टनांचं लोखंड अडवत नाही. जुन्या जीपच्या मागच्या ताडपत्रीच्या नळ्याही अशाच. लांबून कमान वाटायच्या, प्रत्यक्षात फक्त कापड धरायच्या. आकार सारखा, पाय वेगळे.

मग गावातच वेल्डिंग करून जाड नळी बसवली तर? इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. बिडाच्या ॲक्सल घराला वेल्डिंगची आच दिली किंवा नवं भोक पाडलं, तर ते नेमकं तिथेच तडकू शकतं. कमान किती वाकावी आणि कुठे थांबावी, याची कारखान्यात चाचणी घेतलेली असते. फार कडक कमान मोडते, फार मऊ कमान चेपते. कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेली कमान, कंपनीने ठेवलेल्या जागेवर, हाच एक धड मार्ग आहे.

अडचणी खोट्या नाहीत. कमानीला पैसे लागतात आणि कापसाच्या भावावर घर चालवणाऱ्याला प्रत्येक हजार मोजावा लागतो. संत्र्याच्या बागेत फांद्या अडकतात, म्हणून दुमडणारी कमान निघाली. पण बागेबाहेर आल्यावर ती पुन्हा उभी करावी लागते, दुमडलेली कमान म्हणजे नसलेली कमान. आणि पट्टा न लावता कमानीवर विसंबलं, तर माणूस फेकला जाऊन तिच्याच खाली येऊ शकतो. मडगार्डवर बसलेल्या पोराला तर कमानही नाही आणि पट्टाही नाही.

पैशांवर उपाय शोधलेले आहेत. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात २००६ पासून जुन्या ट्रॅक्टरला कमान बसवणाऱ्या शेतकऱ्याला खर्चाचा मोठा वाटा परत मिळतो. आपल्याकडे ट्रॅक्टरवर, रोटावेटरवर, पेरणी यंत्रावर अनुदानाच्या योजना येतात. त्याच अर्जात कमानीची एक ओळ वाढवणं अवघड नाही.

२०२० मध्ये आलेली नवी थार तुमच्यापैकी अनेकांच्या फोनच्या वॉलपेपरवर असेल. तिच्यात रोल केज कारखान्यातूनच येतो आणि तो अभिमानाने सांगितला जातो. हौसेने डोंगर चढणाऱ्यासाठी जो विचार आपल्या कारखान्यात झाला, तो पोटासाठी नाल्याकाठी नांगरणाऱ्यासाठीही व्हायला हवा. तोवर घरात नवा ट्रॅक्टर घ्यायचा विषय निघाला, तर अश्वशक्ती आणि हप्ता विचारून झाल्यावर शोरूममध्ये आणखी दोन प्रश्न विचारा. याला कंपनीची कमान मिळते का? आणि तिचे बोल्ट कुठे बसतात, ते दाखवता का? पाच ग्राहकांनी विचारलं तर सेल्समन हसेल. पाचशेंनी विचारलं, तर तो नागपूरला फोन लावेल.