असील कोंबड्यांचा निवारा

असील ही भांडखोर स्वभावाची देशी कोंबडीची जात. नराचे वजन सु. ४ ते ५ किग्रॅ. असते. वयात आलेले नर एकत्र ठेवल्यास परस्परांना जबर जखमी करतात. म्हणून प्रत्येकास स्वतंत्र खुराडे लागते. शेजारचा नर दिसू नये यासाठी मध्ये तट्ट्याचा आडोसा करतात. केदारखेडा (ता. भोकरदन, जि. जालना) परिसरात उन्हाळी तापमान ४०° से.च्या वर जाते. अशा हवामानात खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम, बाजू जाळीच्या आणि छप्पर पाचटाचे असणे सोयीचे. पावसाळ्यासाठी जोते उंच घेतात. जड पक्ष्याच्या पायांना इजा होऊ नये म्हणून बसण्याची दांडी रुंद व बुटकी ठेवतात. मुंगूस, रानमांजरापासून बचावासाठी रात्री दार बंद करतात. पालन कायदेशीर असले, तरी झुंजी लावणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.