समोरच्याचा खेळ



वसंत व्याख्यानमालेत टेनिसचा विषय निघावा याचे काहींना नवल वाटले असेल. आपल्या खानदेशात जत्रेला कुस्त्यांचा फड लागला म्हणजे सारा गाव लोटतो. टेनिस हा पुष्कळ काळ साहेबाच्या क्लबातला, पांढऱ्या कपड्यांतला खेळ राहिला. पण फडाच्या कडेला बसलेला म्हातारा वस्ताद मनाशी जो हिशेब करीत असतो, तोच टेनिसचाही हिशेब आहे. गडी केवढा आहे यापेक्षा तो कोणत्या डावावर खेळतो, हे वस्ताद आधी पाहतो. समोरचा आपल्यासारखा खेळत नसेल तर त्याला हरवावयाचे कसे, एवढ्याच प्रश्नाविषयी मला बोलावयाचे आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच मुलखातून घोडी दौडवीत गेलेल्या पुरुषाने दिलेले आहे. १७२७-२८ च्या मोहिमेत निजामाजवळ भारी तोफखाना होता. त्याच्यासमोर उभे राहून लढणे म्हणजे त्याच्या आखाड्यात उतरणे. पहिल्या बाजीरावाने ते केले नाही. बऱ्हाणपुरावर जातो अशी हूल देऊन तो खानदेशातून गुजरातेत उतरला. निजाम पुण्याकडे वळला, तरी पुणे राखण्यासाठी धावण्याऐवजी बाजीरावाने निजामाचाच मुलूख गाठला. आता धावपळ निजामाच्या वाट्याला आली. धावावयाचे तर जड तोफा मागे राहणार. त्या राहिल्या, आणि फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पालखेडपाशी त्याची फौज पाण्यावाचून कोंडली गेली. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. बाजीरावाने तोफांना उत्तर दिलेच नाही, त्या लढाईपर्यंत पोहोचू दिल्या नाहीत.

टेनिसमध्येही तोफा असतात. अमेरिकेच्या बिल टिल्डनच्या सर्व्हिसला लोक तोफेचा गोळाच म्हणत. त्याच्यासमोर फ्रान्सचा रेने लाकोस्त उभा राहिला. हा किरकोळ अंगाचा तरुण प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची टिपणे वहीत लिहून ठेवी : कोणाचा कोणता फटका कच्चा आहे, कोण कोठे घाई करतो. (धुळ्यातल्या श्रोत्यांना जुन्या बाडांचे आणि टिपणांचे महत्त्व मी काय सांगावे!) १९२७ साली फिलाडेल्फियाला डेव्हिस चषकाच्या लढतीत पहिल्या दिवशी टिल्डन कोशेशी चार सेट खेळला, दुसऱ्या दिवशी दुहेरीत पाच. दोन्ही सामने त्याने जिंकले. पण तिसऱ्या दिवशी लाकोस्तपुढे आला तो थकलेला टिल्डन. लाकोस्तने त्याला चार सेटमध्ये हरवले आणि चषक प्रथमच फ्रान्सला गेला. त्याच महिन्यात अमेरिकन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ११-९, ६-३, ११-९ असा त्याचाच पुन्हा पराभव झाला. लाकोस्त मागच्या रेषेवर राहून आलेला प्रत्येक चेंडू परत करीत राहिला. प्रेक्षकांना असला खेळ नीरस वाटतो. पालखेडचा वेढाही पाहणाऱ्याला नीरसच वाटला असता.

आपल्याकडे ही विद्या मद्रासच्या रामनाथन कृष्णनच्या हाती आली. त्याची सर्व्हिस मवाळ, फटक्यात जोर बेताचा. पण चेंडू कोठे टाकावा याची जाण विलक्षण. १९६१ साली विम्बल्डनच्या उपान्त्यपूर्व फेरीत वेगाने नेटवर चालून येणाऱ्या रॉय इमर्सनला त्याने ६-१, ६-४, ६-४ असे हरवले. पुढच्याच सामन्यात रॉड लेव्हरने त्याला सरळ सेटमध्ये काढले, कारण लेव्हरजवळ वेगही होता आणि नाजूक हातही. प्रतिस्पर्ध्याला दुसरी बाजूच नसली तर युक्ती चालते. त्याला दोन्ही बाजू असल्या की ती अपुरी पडते. हे युक्तीच्या भक्तांनी विसरू नये. मात्र १९६६ साली कलकत्त्यास ब्राझीलच्या डावऱ्या टॉमस कॉखविरुद्ध निर्णायक सामन्यात कृष्णन दोन सेट विरुद्ध एक असा मागे आणि चौथ्या सेटमध्ये २-५ असा पिछाडीवर होता. तेथून त्याने तो सेट ७-५ आणि पुढचा ६-२ असा घेतला आणि भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत गेला. तेथे मला युक्तीपेक्षा त्याच्या थंड डोक्याचे कौतुक अधिक वाटते.

पण आजचा माझा खरा नायक कृष्णनकडून हरलेला एक मराठी मुलगा आहे. १९३३ साली सांगलीत जन्मलेला नंदू नाटेकर १९५१-५२ मध्ये टेनिसच्या किशोर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तेथे कृष्णनने त्याला हरवले. त्यानंतर तो बॅडमिंटनकडे वळला. पराभूताने खेळच बदलावा, हे काहींना माघार वाटेल. मला तशी ती वाटत नाही. रणांगण निवडणे हाही डावच आहे.

आणि रणांगण किती निराळे! टेनिसचा चेंडू ५६ ग्रॅमहून जड, तर बॅडमिंटनचे फूल पाच ग्रॅमच्या आसपास. चेंडू टप्पा घेतो आणि समोरच्याला क्षणभर अवधी देतो. फुलाला टप्पाच नाही. ते सुटते वेगाने आणि हवेत लगेच मंदावते. मनगट शेवटच्या क्षणी वळवले की जोराचा फटका वाटावा तो नेटपलीकडे अलगद पडतो. बाजीरावाची हूल येथे दर दोन फटक्यांगणिक कामी येते. १८७० नंतरच्या दशकात पुण्याच्या छावणीत साहेबांनी खेळलेल्या आणि ‘पूना’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या खेळात नाटेकरांचा बॅकहँड आणि नेटजवळचा नाजूक हात गाजला. १९५३ साली ते राष्ट्रीय विजेते झाले आणि एकेरीचे हे पद त्यांनी एकूण सहा वेळा मिळवले. थॉमस चषकात त्यांनी १६ पैकी १२ एकेरी सामने जिंकले. १९५६ साली क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, आणि १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते.

नाटेकर २०२१ साली पुण्यात वारले. त्यांचा मुलगा गौरव टेनिसच खेळला. १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई खेळांत लिअँडर पेसच्या जोडीने त्याने पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले.