सही नसलेला सल्लागार

दरवर्षी १७ सप्टेंबरला परभणीत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते. रझाकारांच्या अत्याचारांची आठवण निघते. पण तेव्हा सरकार काय करीत होते, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. निजामाचे घटनात्मक सल्लागार होते इंग्रज कायदेपंडित सर वॉल्टर मॉंक्टन. ते आणि पंतप्रधान छत्तारीचे नवाब यांनी भारताशी 'जैसे थे' कराराची बोलणी केली. मसुदा तयार झाला. मात्र २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे इत्तेहादच्या जमावाने त्यांच्या घरांना वेढा घातला आणि शिष्टमंडळाचे दिल्लीला जाणे अडले. छत्तारी पायउतार झाले. पुढे मीर लायक अली पंतप्रधान झाले. यामागे होते लातूरचे वकील कासिम रझवी. त्यांच्याकडे मंत्रिपद नव्हते, तरी सरकार त्यांच्या शब्दावर हलू लागले.

वरचे वारे खालच्या कचेरीत पोचायला वेळ लागत नाही. रझाकार गावात शिरले की पोलीस अनेकदा बघे बनत, कधी त्यांना सामीलही होत. गावकऱ्याने दाद मागायची कुणाकडे?

१९५० च्या राज्यघटनेने लोकसेवा आयोगाची तरतूद केली, चौकशीविना बडतर्फीपासून नोकरांना संरक्षण दिले. राज्यकर्त्याला सल्लागार हवेतच. पण हुकूम सही करणाऱ्याचाच असावा. कारण जाब सहीला विचारता येतो, कानात सांगितलेल्या शब्दाला नाही.