फुलोरा आणि आबकारी : बीड-नगर सरहद्दीच्या संदर्भात गांजाच्या पिकाचा विचार

मराठवाड्याच्या शेतीचा इतिहास धुंडाळणाऱ्या अभ्यासकास जुन्या इंग्रजी अहवालांत ‘हेंप’ हा शब्द वारंवार भेटतो आणि तो पुष्कळदा चकवितो. ह्या एकाच शब्दाने तीन भिन्न वनस्पती सांगितल्या जात. ताग हा ‘सन हेंप’, अंबाडी ही ‘डेक्कन हेंप’ किंवा ‘ब्राउन हेंप’, आणि गांजा-भांगेचे झाड हे ‘इंडियन हेंप’. पहिली दोन वाखाची पिके आहेत. त्यांचा तिसरीशी कुळाचाही संबंध नाही. अंबाडीच्या शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ हे पद आले ते केवळ तिच्या बोटासारख्या फाटलेल्या पानाच्या साम्यामुळे. बीडकडील शेतकरी ज्वारीच्या आणि कापसाच्या काकरांतून अंबाडी पेरीत आला, तिची भाजी खात आला आणि तिच्या वाखाचे दोर वळीत आला. म्हणून एखाद्या तक्त्यात ह्या भागाच्या नावापुढे ‘हेंप’चे क्षेत्र आढळले, तर तेवढ्यावरून येथे गांजाची लागवड होत होती असे अनुमान काढणे म्हणजे अंबाडीच्या भाजीवर नशेचा आळ घेण्यासारखे होईल. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो तिसऱ्या वनस्पतीचा. तोही तिच्या एका अवस्थेचा, म्हणजे फुलोऱ्याचा. गांजाच्या पिकातील कौशल्य आणि त्या पिकावरील कायदा ही दोन्ही ह्या अवस्थेभोवतीच वाढली, असे माझे मत आहे.

ह्या झाडात नर आणि मादी वेगवेगळ्या रोपांवर असतात. पराग वाऱ्याने वाहतात. नर आधी फुलतो, पराग सोडतो आणि वाळून जातो. मादीच्या तुऱ्यांत बी धरले की राळेचा स्राव मंदावतो. मात्र पराग मिळालाच नाही, तर मादी नवनवी फुले काढीत राहते, तुरा घट्ट होतो आणि त्यावर राळेचा चिकट थर चढतो. गांजा म्हणजे हाच तुरा. भांग पानांची होते, आणि त्या पानांसाठी झाड नर की मादी, पेरलेले की रानटी, हा प्रश्न उद्भवत नाही. तेव्हा भांगेस शेतकऱ्याच्या कसबाची फारशी गरज नाही. गांजास मात्र ते लागतेच.

फुलोरा केव्हा यावा हे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. ज्युलियाँ तूर्न्वा ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली हॉप आणि भांग ह्यांच्या झाडांवर प्रयोग करून दिवस लहान केल्यास फूल लवकर येते, हे दाखविले. पुढे १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड ह्यांनी ह्या नियमाची सर्वसाधारण मांडणी केली. बीड हे सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. ह्याचा अर्थ असा की मृगाच्या पावसावर उगवलेले रोप श्रावण-भाद्रपदात केवळ वाढते, हस्त-चित्रा नक्षत्रांच्या सुमारास फुलू लागते आणि दिवाळीनंतर तुरे भरतात. बीडचा पाऊस मुळात बेताचा. परंतु त्यातील मोठा वाटा सप्टेंबरात पडतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही येतो. कोवळ्या तुऱ्यावर पडलेला हा पाऊस राळ धुऊन नेतो, कधी तुराच कुजवितो. रब्बीच्या ज्वारीला जो हस्ताचा पाऊस वरदान, तोच ह्या पिकाला शाप. दख्खनच्या कोरड्या पठारावर हे पीक रुजले ते भरपूर पावसामुळे नव्हे. आश्विन-कार्तिकानंतर आकाश निरभ्र होते, हे त्याचे कारण असावे.

फुलोऱ्यातील कसबाचे सर्वांत तपशीलवार वर्णन मिळते ते दख्खनचे नव्हे, बंगालचे. राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा ह्या जिल्ह्यांच्या सांध्यावर, आज बांगलादेशात असलेल्या नौगाव परिसरात, सरकारने गांजाची लागवड एका ठरावीक ‘महाला’पुरती मर्यादित केली होती. हेमचंद्र केर ह्यांनी १८७७ साली आणि डेव्हिड प्रेन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९३ साली त्या लागवडीवर अहवाल लिहिले. ऑगस्टात रोपवाटिकेत बी टाकीत, सप्टेंबरात रोपे सऱ्यांच्या वरंब्यांवर लावीत, पुढे खालच्या फांद्या छाटीत, आणि नोव्हेंबराच्या सुमारास ‘पोद्दार’ नावाचा जाणता माणूस शेतात उतरे. फुले पुरती उमलण्यापूर्वीच नराची रोपे ओळखून तो ती मोडून टाकी. ह्यासाठी त्याला वेगळी मजुरी मिळे. इंग्रज अधिकारी त्याला ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. मध्य प्रांतातील खांडवा तहसिलीत ह्याच कामाच्या माणसास ‘परखदार’ म्हणत. हा शब्द मराठी कानाला लगेच कळतो, कारण तेथे खरोखरीच पारख करावयाची असे. एखादे नर रोप नजरेतून सुटले तर त्या शेताचे, आणि वारा तसा असला तर शेजाऱ्याच्याही शेताचे पीक बियाळ होई. शिवाय मादीच्या झाडावरच क्वचित नरफुले निघतात. प्रेन ह्यांनी १९०४ साली ह्या विकृतींवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यामुळे पोद्दाराची एक फेरी पुरत नसे. बांधापलीकडच्याच्या दक्षतेवर ज्याचे मोल अवलंबून आहे असे दुसरे पीक खेड्यात क्वचितच सापडेल. कापणी जानेवारी-फेब्रुवारीत होई. तुरे पायाखाली तुडवून चपटा गांजा आणि वळून गोल गांजा तयार करीत, आणि गळालेल्या भागाचा ‘चूर’ वेगळा विकला जाई.

आता दख्खनकडे वळू. दख्खनात ही वनस्पती नवी नव्हती. गोव्यास राहून अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाची चिकित्सा करणाऱ्या गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात भांगेवर स्वतंत्र संवाद घातला आहे. आपल्या देशातील वाखाचे झाड आणि ही भांग एक नव्हेत, असा त्याचा आग्रह होता. वाखासाठी एक आणि नशेसाठी दुसरे, हा भेद त्याच्या ध्यानी आला होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. लामार्कने १७८५ साली ‘कॅनाबिस इंडिका’ ही वेगळी जाती मांडली ती पुढची पायरी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीचे मुख्य केंद्र अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, हे होते. ह्या जिल्ह्याची पूर्व सीमा बीडच्या आष्टी-पाटोदा भागास लागून आहे. १७९५ च्या लढाईने प्रसिद्ध झालेले खर्डा ह्याच पट्ट्यात येते. १९४८ पर्यंत ही साधी जिल्ह्याची शीव नव्हती. एका बाजूस इंग्रजी अंमल आणि दुसऱ्या बाजूस निजामाचे राज्य होते. माती तीच, पाऊस तोच, सोयरीकही एक. कायदा मात्र दोन. मुंबईकडे १८७८ चा आबकारी कायदा होता. निजामी राज्याचा आबकारी कायदा फसली १३१६ चा, म्हणजे इ. स. १९०६-०७ चा. फसली वर्ष आझूर महिन्यात, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. एकच हंगाम, पेरणी एका फसली सालात आणि फुलोरा पुढच्या सालात, अशी त्यामुळे कागदोपत्री फाळणी होते. ह्या काळाचे दफ्तर वाचताना हे भान सुटले की दोन हंगामांची गल्लत झालीच.

ह्या दुहेरी व्यवस्थेचा प्रश्न सरकारपुढे प्रकर्षाने आला तो १८९३ साली. मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते खासदार डब्ल्यू. एस. केन ह्यांनी २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला, आणि जुलैमध्ये हिंदुस्थान सरकारने सात सभासदांचा आयोग नेमला. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सभासदांत मुंबई इलाख्याचे एच. टी. ऑमॅनी, मध्य प्रांताचे ए. एच. एल. फ्रेझर, रसायनज्ञ वॉर्डन आणि तीन हिंदी गृहस्थ होते. ११९३ साक्षी झाल्या. आयोगाने १८९४ साली निर्णय दिला की बेताचे सेवन सामान्यतः अपायकारक नाही आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही, इष्टही नाही. लागवड मात्र नियंत्रित असावी. ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद ह्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या, हेही सांगितले पाहिजे. आयोगाचे मत एकमुखी होते असा समज अलीकडे प्रचलित आहे, तो बरोबर नाही.

आयोगाच्या शिफारशींचा सांगाडा बंगालच्या पद्धतीवर बेतलेला होता : परवान्याशिवाय लागवड नको, क्षेत्र आटोपशीर असावे, माल सरकारी देखरेखीच्या वखारीत जावा आणि तेथून निघताना त्यावर कर बसावा. अशी पद्धत तडीस जावयाची तर शेजारच्या संस्थानांचे सहकार्य हवे; कारण सरहद्दीपलीकडे मोकळी लागवड असेल तर अलीकडची वखार निरर्थक ठरते. बीड-नगरसारख्या नैसर्गिक अडथळा नसलेल्या शिवेवर ही अडचण किती खरी होती, हे त्या वाटेने एकदा चालून गेलेल्या कोणाही माणसास समजेल. येथे आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाचे ते असे की ह्या पद्धतीत सरकार पिकाच्या फुलोऱ्यावर नजर ठेवून होते. परवाना गांजाच्या पिकाचा होता आणि कराचा विषय तुरा होता. प्रेन ह्यांच्या विवेचनाच्या आधारे गांजाचे जे लक्षण त्या काळी रूढ झाले, त्यात लागवड केलेल्या मादी झाडाचे वाळविलेले तुरे आणि बी धरू न दिल्यामुळे त्यांवर आलेली राळ ह्या दोन्ही गोष्टींचा उल्लेख होता. म्हणजे शेतकऱ्याचे काम व्याख्येतच सामावलेले होते.

पुढील शतकात ही व्याख्या हळूहळू झिजत गेली. १९२५ च्या जिनीव्हा करारात मादी झाडाचे फुललेले वा फळलेले शेंडे हे शब्द राहिले. बी न धरण्याचा उल्लेख गेला. १९३० च्या हिंदी कायद्यात पाने आणि बारीक देठही आले, भांग आणि गांजा एकाच कलमात बसले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्याची जुनी दृष्टीच बदलली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या विस्तार-कायद्याने तो कायदा बीडलाही लागू झाला. शिवेच्या दोन्ही बाजूंस प्रथमच एक नियम आला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ‘मादी’ हे पदही गळाले. उरले ते केवळ झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे, आणि शेंड्यासोबत नसलेली पाने व बी वगळलेली. हिंदुस्थानातील भांगेची परंपरा ह्या अपवादाच्या मुळाशी होती. १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय अधिनियमाने हीच व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी घेतली.

ह्या शब्दच्छलाचा आजच्या शेतकऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. तुरीच्या किंवा कापसाच्या ओळींत गांजाची झाडे सापडल्याच्या बातम्या मराठवाड्यातून अधूनमधून येतात. १९८५ च्या कायद्याप्रमाणे लागवड हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो झाडाच्या जातीवर ठरतो, फुलोऱ्यावर नव्हे. त्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गांजा बाळगण्याचा गुन्हा मात्र वजनावर ठरतो : २००१ च्या अधिसूचनेनुसार १ किलोपर्यंत अल्प प्रमाण आणि २० किलोंहून अधिक ते व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाणाचा आरोप ठेवला की जामीन मिळणे अतिशय कठीण होते. आता पंचनाम्यात मुळे, माती, खोड, फांद्या आणि पाने ह्यांसह ओली झाडे तोलली गेली, तर तराजूवर येते ते गांजाचे वजन नसते. फुलोरा धरण्यापूर्वी, श्रावणात उपटलेल्या झाडात तर व्याख्येतला गांजा नसतोच. उच्च न्यायालयांनी अनेक जामीन-प्रकरणांत हा मुद्दा ग्राह्य धरला आहे आणि केवळ फुललेल्या वा फळलेल्या शेंड्यांचेच वजन धरावे, असे म्हटले आहे. पोद्दार ज्या महिन्यात शेतात उतरे, त्या महिन्याची तारीख आज पंचनाम्यावर पाहावी लागते.

तपासाच्या कागदांत ‘हिरवी झाडे, अंदाजे उंची अमुक फूट’ एवढीच नोंद पुष्कळदा असते. झाड नर की मादी, तुरा आलेला की नाही, बी धरलेले की नाही, ह्यांविषयी अक्षर नसते. नौगावच्या सरकारी कारकुनास ह्या तिन्ही गोष्टी लिहाव्याशा वाटत, कारण त्याच्या धन्याचा महसूल त्यांवर अवलंबून होता. आता त्यांवर शेतकऱ्याचे तुरुंगातील दिवस अवलंबून आहेत.