आपलेच सोंग आपण

चित्रपटाच्या आरंभी किंवा अखेरीस पडद्यावर एक निवेदन झळकते : यातील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक असून कोणा हयात वा मृत व्यक्तीशी साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा. प्रेक्षक ते क्वचितच वाचतो. आम्हां वकीलमंडळींना मात्र त्या दोन ओळींमागचा खटला आठवतो. १९३२ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन कंपनीने रशियातील रास्पुतीनवर चित्रपट काढला. त्यातील नताशा नावाची राजकन्या रास्पुतीनच्या वासनेला बळी पडल्याचे सूचित केले होते. रास्पुतीनच्या वधात ज्याचा प्रत्यक्ष हात होता, त्या फेलिक्स युसुपॉव्हची पत्नी इरिना हिने लंडनच्या न्यायालयात दाद मागितली. नाव बदलले तरी लोक त्या पात्रात मलाच ओळखतात, हे तिचे म्हणणे. ज्यूरीने तिला २५,००० पौंडांची भरपाई देवविली व १९३४ मध्ये अपील न्यायालयाने ती कायम केली. त्यानंतर ते निवेदन सर्वत्र रूढ झाले.

हे सारे परक्याच्या अब्रूच्या रक्षणासाठी. परंतु एखादा मनुष्य स्वतःच रंगभूमीवर वा पडद्यावर येऊन, आपलेच नाव धारण करून, आपणच काल्पनिक कृत्ये करू लागला तर? त्याची फिर्याद कोणी कोणावर करावयाची? हा प्रश्न मनात येण्याचे कारण २०२५ च्या मे महिन्यात प्रदर्शित झालेला ‘हरी अप टुमॉरो’ हा मनोविश्लेषणात्मक थरारपट. कॅनडातील टोरांटो येथे १९९० साली इथिओपियाहून आलेल्या कुटुंबात जन्मलेला एबल टेस्फाये ‘द वीकेंड’ या नावाने गातो, आणि या चित्रपटात तो एबल नावाच्या प्रख्यात गायकाचीच भूमिका करतो. त्याविषयी पुढे बोलू. कारण ही वाट त्याने प्रथम चोखाळलेली नाही.

फ्रान्समध्ये १६६२ साली मोलिएरच्या एका प्रहसनावरून मोठे वादळ उठले. प्रतिस्पर्धी नटमंडळींनी त्याच्यावर नाटके रचून त्याची टवाळी चालविली. १६६३ च्या ऑक्टोबरात चौदाव्या लुईसमोर व्हर्साय येथे त्याने त्याला उत्तर म्हणून एक छोटे नाटक केले. त्यात मोलिएर मोलिएरचीच भूमिका करतो, त्याचे सहकारी आपापल्या नावांनी वावरतात, राजा येऊन ठेपला आहे आणि कोणाचेही पाठांतर झालेले नाही. विनोदाच्या आड त्याने तेथे एक सीमारेषा आखली. माझी नाटके, माझा चेहरा, माझे हावभाव, माझा आवाज यांचे विरोधकांनी खुशाल हवे ते करावे. त्यापलीकडचे जे आहे त्याला मात्र हात लावू नये, अशा आशयाचे तो बोलतो. दहा वर्षांनी लिहिलेल्या ‘काल्पनिक रोगी’च्या नाटकात तो स्वतः त्या रोग्याच्या वेषात उभा राहून मोलिएर नावाच्या लेखकाला शिव्याशाप देतो. त्याच नाटकाच्या चौथ्या प्रयोगात, १७ फेब्रुवारी १६७३ रोजी, तो खरोखरच कोसळला व त्या रात्री मरण पावला.

दुसरे उदाहरण इतके निर्मळ नाही. विल्यम कोडी ऊर्फ ‘बफेलो बिल’ हा अमेरिकन सैन्याचा वाटाड्या १८७२ पासून शिकागो व इतर शहरांच्या रंगमंचांवर बफेलो बिलचीच भूमिका करीत असे. १८७६ च्या उन्हाळ्यात तो नाटके सोडून पुन्हा सैन्यात गेला. १७ जुलैच्या चकमकीत शायेन जमातीचा एक योद्धा त्याच्या हातून मारला गेला. त्याच्या नावाचा अर्थ ‘पिवळे केस’ असा होता. त्या दिवशी कोडीच्या अंगावर काळ्या मखमलीचा पोशाख होता, म्हणजे नाटकातला! वध रणांगणावर झाला खरा. परंतु वेष आधीच रंगभूमीचा होता. त्याच वर्षी तो वध नाटकात आला आणि मृताच्या डोक्याची केसांसकट काढलेली कातडी प्रदर्शनास मांडली गेली. त्या योद्ध्याच्या बाजूने तेथे बोलणारे कोणी नव्हते. इंग्रजीत त्याचे नावसुद्धा चुकीने ‘पिवळा हात’ असे रूढ झाले. आपलीच भूमिका करणाऱ्याच्या कथेत इतरांनाही जबरदस्तीने पात्रे व्हावे लागते, ही गोष्ट मला या साऱ्या प्रकारात सर्वांत गंभीर वाटते.

आता टेस्फायेकडे वळू. २०१० च्या अखेरीस त्याची पहिली गाणी प्रसृत झाली तेव्हा हा गायक कोण, हेच लोकांना ठाऊक नव्हते. त्याने चेहरा जाणूनबुजून लपविला होता. नावही उसने : आठवड्याच्या अखेरीचा इंग्रजी शब्द, एक स्वर गाळून. पुढे कीर्ती एवढी वाढली की त्या नावाचाच त्याग करावा असे त्याला वाटू लागले, आणि २०२३ पासून त्याने ते उघडपणे बोलूनही दाखविले. दरम्यान ३ सप्टेंबर २०२२ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या सोफाय स्टेडियममध्ये, हजारो श्रोत्यांसमोर, थोडी गाणी होताच त्याचा आवाज गेला. त्याने क्षमा मागून कार्यक्रम थांबविला. चित्रपटाचे बीज या प्रसंगात आहे.

ट्रे एडवर्ड शल्ट्स याने दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात एबलचा आवाज भर कार्यक्रमात जातो. तो रंगमंच सोडतो. जेना ऑर्टेगाने साकारलेली अनिमा नावाची एक चाहती त्याला भेटते. दुसऱ्या दिवशी तो निघू लागताच ती त्याला हॉटेलच्या पलंगाला जखडते, त्याची गाणी वाजवून त्यांचा अर्थ त्यालाच समजावते, आणि त्याच्या व्यवस्थापकाचा जीव घेते. समीक्षकांनी चित्रपटाला झोडपले व जगभरचे उत्पन्न एक कोटी डॉलरांपर्यंतही पोहोचले नाही. ‘अनिमा’ म्हणजे लॅटिनमध्ये आत्मा. तेव्हा ती चाहती नसून त्याचे स्वतःचे अंतःकरणच होय, असा बचाव करता येतो. तो मला पुरेसा वाटत नाही. पडद्यावर दिसते ती गाणी पाठ असणारी एक सामान्य मुलगी, आणि तिलाच वेडी व खुनी ठरविलेले आहे. दाव्याने बांधले गेल्यामुळे ज्याला दामोदर म्हणतात त्या देवाची कथा ऐकत आपण वाढलो. प्रेमाने बांधणे आणि बांधून घेणे आपल्याला अपरिचित नाही. परंतु बाळकृष्णाने यशोदेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्याचे कोठे ऐकिवात नाही.

१८७२ च्या पुरावा कायद्यात एक तत्त्व होते व १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे : मनुष्याने दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येते, काही अपवाद सोडता, स्वतःच्या लाभासाठी त्याला ती पुढे करता येत नाही. या चित्रपटातील एबल दुष्ट वागतो, व्यसनी आहे, प्रेयसीला दुखावतो. सारे कबूल करतो. पण शेवटी गातो आणि सुटतो. कबुलीजबाब देणारा, वकील व न्यायाधीश असे तिघे एकाच माणसात एकवटले की निकाल काय लागणार, हे सांगावयास नको. मोलिएरने न्यायनिवाडा हशा पिकविणाऱ्या प्रेक्षकांवर सोपविला होता. आपल्या भवभूतीने तर ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात रामाला नट केलेच नाही. त्याने रामाला प्रेक्षकांत बसविले आणि सीतेच्या परित्यागानंतरचे नाटक त्याच्यासमोर घडविले. हे नाटक आहे, याची लक्ष्मणाला त्याला आठवण द्यावी लागते, आणि तरीही राम मूर्च्छित होतो. स्वतःची कहाणी त्याला ऐकावी लागते. सांगण्याची मुभा त्याला नाही.

या साऱ्या चित्रपटात निर्विवाद पुरावा एकच, तो गेलेला आवाज. आणि त्याला साक्षीदार पुष्कळ आहेत. राहून गेलेला कार्यक्रम टेस्फायेने त्याच स्टेडियममध्ये २६ व २७ नोव्हेंबर २०२२ रोजी पुन्हा केला. एचबीओने त्याचे चित्रण २०२३ मध्ये दाखविले. त्यातही काही वेळ त्याच्या चेहऱ्यावर मुखवटा आहेच.